धावपट्टीचं खरं कठीण काम: पाणी, सांधे आणि रात्रीचे सात तास

प्रश्न असा आहे: महामार्ग बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे तीच यंत्रं असतात, तीच खडी आणि तेच डांबर असतं. मग धावपट्टीला इतका वेळ आणि पैसा का लागतो? आणि एकदा नीट बांधल्यावरही दर दहा-पंधरा वर्षांनी ती पुन्हा का उकरावी लागते?

थोडक्यात उत्तर हे की वजन पेलणं हा या कामाचा तुलनेने सोपा भाग आहे. त्याचं गणित बरंचसं बसलेलं आहे. अवघड आहे ते पाणी वेळेत बाहेर काढणं, पृष्ठभागावरचा एकही खडा सुटू न देणं, आणि हे सगळं विमानतळ चालू ठेवून करणं.

आधी वजनाचं बघू. बोइंग ७७७-३००ईआरचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ३५१ टन असतं. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त वजन मुख्य चाकांच्या दोन संचांवर, म्हणजे १२ चाकांवर येतं. प्रत्येक चाकावर २७ टनांच्या आसपास. महामार्गाच्या संकल्पनात प्रमाण मानतात तो आस ८० किलोन्यूटनचा आणि चार चाकांचा, म्हणजे चाकामागे जेमतेम २ टन. विमानाच्या टायरमधला दाब सुमारे १.५ मेगापास्कल असतो, भरलेल्या ट्रकच्या जवळजवळ दुप्पट. हे दोन आकडे वेगवेगळ्या ठिकाणी त्रास देतात. टायरचा दाब वरच्या डांबरी थराला चिरडतो, आणि एकूण वजन खोलवर मूळ जमिनीपर्यंत पोचतं. सहा चाकं जवळजवळ असली की प्रत्येक चाकाखालचा ताण खाली जाताना पसरतो, शेजारच्या ताणात मिसळतो, आणि दीड-दोन मीटर खोलीवर जमिनीला सहा चाकं वेगळी जाणवतच नाहीत. तिला सगळ्या संचाचा एकत्रित भार जाणवतो. म्हणून मोठ्या विमानांसाठी खालच्या थरांची जाडी वाढवावी लागते, नुसता वरचा थर भारी करून भागत नाही.

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. विमान उतरताना आदळतं, म्हणून धावपट्टीचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होत असणार, असं वाटतं. तसं नसतं. उतरताना विमानाचं बरंचसं इंधन जळून गेलेलं असतं, पंख अजून थोडा भार उचलून धरत असतात आणि वेग इतका असतो की एका जागी भार क्षणभरच राहतो. डांबराला सगळ्यात जाच होतो तो इंधनाने भरलेल्या, सावकाश चालणाऱ्या किंवा थांबलेल्या विमानाचा. त्यामुळे चाकोऱ्या पडतात त्या टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जायच्या-यायच्या मार्गावर), उड्डाणापूर्वी थांबायच्या जागी आणि धावपट्टीच्या टोकांना. मधल्या भागातही सगळी रहदारी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्यात एकवटते. ४५ मीटर रुंदीतला कडेचा भाग वर्षानुवर्षं चाकाविना पडून असतो. तो खराब होतो, पण चाकांनी नव्हे, उन्हाने आणि पाण्याने.

विमान आणि धावपट्टी यांचा मेळ बसतो की नाही हे आता एसीआर-पीसीआर पद्धतीने ठरवतात. एसीआर हा विमानाचा भार सांगणारा आकडा, पीसीआर हा धावपट्टीची ताकद सांगणारा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिने २८ नोव्हेंबर २०२४ पासून जुन्या एसीएन-पीसीएनच्या जागी ही पद्धत लागू केली. धावपट्टीचा पीसीआर आकडा विमानाच्या एसीआरपेक्षा मोठा किंवा तितकाच असेल, तर विमान निर्बंधाविना वापरता येतं. आकड्यापुढे अक्षरं असतात. पहिलं डांबरी की काँक्रीट ते सांगतं, दुसरं मूळ जमिनीचा दर्जा, तिसरं टायरच्या दाबाची मर्यादा, आणि शेवटचं हे की आकडा तांत्रिक मूल्यमापनातून काढला आहे की वापराच्या अनुभवावरून. शेवटचं अक्षर लोक वाचत नाहीत, आणि तिथेच फसगत होते. नुसत्या अनुभवावरून काढलेल्या आकड्याच्या भरवशावर जड विमानांची नियमित सेवा सुरू करायला मी कधीच सुचवणार नाही.

आता जमीन. रस्ता वाईट जमीन टाळून वळवता येतो. धावपट्टीला ती मुभा नाही. तिची दिशा वारा ठरवतो: त्या विमानतळावर येणाऱ्या विमानांना आडव्या वाऱ्यामुळे अडथळा न येता किमान ९५ टक्के वेळ वापर करता आला पाहिजे, अशी आयकाओची शिफारस आहे. दोन्ही टोकांकडचे डोंगर आणि इमारती जागा ठरवतात. लांबी उंची आणि तापमानावर ठरते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्क्यांनी वाढवायची, त्यानंतर त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा दर एक अंश जास्त उष्णतेला १ टक्का, आणि दर एक टक्का उताराला १० टक्के. समुद्रसपाटीवर २,५०० मीटर पुरणारी धावपट्टी ९०० मीटर उंचीवर ३,०२५ मीटरची होते. तिथलं संदर्भ तापमान ३४ अंश असेल तर ते प्रमाण तापमानाहून जवळजवळ २५ अंशांनी जास्त, म्हणजे लांबी गेली ३,७८० मीटरवर. उंची आणि तापमानाची वाढ मिळून ३५ टक्क्यांपलीकडे गेली, तर या ढोबळ नियमावर विसंबायचं नाही. त्या जागेसाठी विमानाच्या कामगिरीचा स्वतंत्र अभ्यास करायचा.

म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटरची सरळ रेष, आणि तिच्या वाटेत जे येईल ते: काळी चिकणमाती, जुनी विहीर, बुजवलेला नाला, अर्धा भाग कातळ आणि अर्धा भराव. मोठ्या मोटारगाड्यांना न जाणवणारा उंचसखलपणा ताशी २५० किलोमीटरने धावणाऱ्या विमानाला हादरवतो. उताराचे नियमही म्हणूनच कडक आहेत. मोठ्या धावपट्टीवर एकूण उतार १ टक्क्यापेक्षा जास्त नको, पहिल्या आणि शेवटच्या चतुर्थांशात ०.८ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि एका उतारातून दुसऱ्यात जाताना वक्राची त्रिज्या किमान ३०,००० मीटर हवी. नव्या पृष्ठभागावर ३ मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली तरी खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये.

जमिनीचा तपास करताना मध्यरेषेलगत साधारण दर ६० मीटरवर बोअर घ्यावी आणि ती तयार पातळीच्या ३ मीटर खाली न्यावी. भराव येणार असेल तिथे मूळ जमिनीच्या ३ मीटर खाली. हा खर्च वाचवायचा मोह होतो, पण नंतर बसलेला एक पट्टा उकरून काढायला त्याच्या कैक पट पैसे जातात. कातळ आणि भराव जिथे भेटतात तिथे सरळ उभी कड ठेवू नये. कातळ पायऱ्यापायऱ्यांनी कापून भराव त्यात गुंतवावा, नाहीतर त्या रेषेवर आडवी भेग ठरलेलीच. चिकणमातीला चुना मिसळून बळकटी देतात, सर्वसाधारणपणे वजनाच्या ३ ते ६ टक्के. पण त्याआधी मातीतल्या सल्फेटची तपासणी झालीच पाहिजे. सल्फेट जास्त असेल तर चुना आणि पाण्याशी संयोग होऊन फुगणारे स्फटिक तयार होतात आणि पक्का समजलेला थर वर उचलला जातो. हा दोष बांधकामानंतर काही महिन्यांनी उघडा पडतो, तोवर वर सगळे थर पडलेले असतात.

जमिनीने किती सतावावं याचं टोकाचं उदाहरण जपानमधल्या ओसाकाच्या खाडीतला कान्साई विमानतळ. १९९४ मध्ये समुद्रातल्या कृत्रिम बेटावर तो सुरू झाला. तळाच्या वरच्या मऊ गाळातून पाणी लवकर निघून जावं म्हणून वाळूचे जवळजवळ दहा लाख उभे निचरा-स्तंभ घातले होते, आणि तो थर अपेक्षेप्रमाणे बसलाही. पण त्याखालचे जुन्या चिकणमातीचे थर इतके खोल होते की तिथपर्यंत असा उपाय पोचत नव्हता. ते अजून दबत आहेत. बांधकाम सुरू झाल्यापासून पहिलं बेट १३ मीटरहून अधिक आणि २००७ मध्ये सेवेत आलेल्या दुसऱ्या धावपट्टीचं बेट १७ मीटरहून अधिक खचलं आहे. खचण्याचा वेग आता बराच मंदावला आहे. पण सप्टेंबर २०१८ मधल्या जेबी वादळात लाटा तट ओलांडून आत आल्या आणि धावपट्टी पाण्याखाली गेली. त्यानंतर तट आणि धावपट्टी दोन्ही उंच करण्याचं काम काढावं लागलं.

पाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते धावपट्टीच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथेच असतं. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना दीड टक्का आडवा उतार दिलेला असतो. ४५ मीटर रुंदीत मधला भाग कडेपेक्षा सुमारे ३४० मिलिमीटर उंच. एवढ्याशा उतारावरून मुसळधार पाऊस वाहून जायचा, तोही विमान त्यावर धावत असताना. पाणी साचलं तर टायर पाण्यावर तरंगतं आणि ब्रेकला पकडच उरत नाही. फिरत्या टायरसाठी तरंगण्याचा वेग काढायचं सोपं सूत्र आहे: टायरमधला दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. २०० पौंड दाबाला १२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर. जमिनीला टेकताना टायर अजून फिरू लागलेलं नसतं, तेव्हा ९ ऐवजी ७.७ धरायचे, मग हा वेग १०९ नॉटवर येतो. मोठी जेट विमानं साधारण १३० ते १५० नॉटने उतरतात. म्हणजे उतरल्याक्षणी धोका असतोच, तो टाळायचं काम पृष्ठभागाचं.

यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, पृष्ठभागाचा खरबरीतपणा. नव्या थराला सरासरी १ मिलिमीटर तरी खोली हवी. दुसरी, आडव्या खाचा. अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाचं, म्हणजे एफएएचं, माप ६ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर खोल, आणि दोन खाचांच्या मध्यांत ३८ मिलिमीटर अंतर. हिऱ्याच्या पात्यांच्या यंत्राने त्या कापतात. नव्या डांबरात लगेच खाचा मारल्या तर कडा ढासळतात, म्हणून मिश्रण घट्ट होऊ द्यायला साधारण ३० दिवस थांबायची पद्धत आहे. हे ३० दिवस फार नाजूक. नव्या डांबराच्या खडीवर चिकट पापुद्रा असतो, खाचा नसतात, आणि विमानं तर चालूच असतात. ब्रिस्टल विमानतळावर डिसेंबर २००६ मध्ये नेमकं हेच झालं. नवा थर पडला होता, काही भागात खाचा नव्हत्या, पाऊस आणि आडवा वारा होता, आणि विमानं घसरण्याच्या घटना घडल्या. जानेवारी २००७ मध्ये काही विमान कंपन्यांनी तिथली उड्डाणं थांबवली आणि खाचा कापल्यावरच परिस्थिती निवळली. पावसाळी महिन्यात नवा थर टाकायचं वेळापत्रक आखताना हा धडा समोर ठेवावा. खाचांविना उरणारा सलग भाग जितका लहान ठेवता येईल तितका ठेवा, आणि ओलं असताना निसरडं होण्याची सूचना वैमानिकांना नोटॅममधून, म्हणजे अधिकृत सूचनापत्रातून, द्या.

पाणी अडण्याचं एक साधं कारण कित्येक ठिकाणी दुर्लक्षित राहतं. धावपट्टीच्या कडेला गवत असतं, त्यात धूळ आणि गाळ साठतो, आणि काही वर्षांत गवताची पातळी डांबराच्या वर येते. मग कडेने एक बांध तयार होतो आणि पावसाचं पाणी बाहेर न जाता कडेलगतच तुंबतं. तिथून ते थरांत शिरतं. कडेची माती डांबरापेक्षा ३८ मिलिमीटर खाली ठेवण्याची एफएएची शिफारस आहे आणि ७६ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डाही नको, कारण घसरलेल्या विमानाचं चाक त्यात अडकतं. ग्रेडरने कड छाटण्याचं काम वर्षातून एकदा, पावसाआधी, केलंच पाहिजे. त्याच फेरीत भूमिगत निचऱ्याच्या नळ्यांची तोंडंही उघडी आहेत का ते बघावं. तुंबलेल्या पाण्याकडे पक्षी येतात, तो धोका वेगळाच.

काँक्रीट की डांबर, हा वाद अनेकदा निरर्थक ताणला जातो. जिथे विमानं थांबतात आणि इंधन सांडतं, म्हणजे एप्रन आणि टोकं, तिथे काँक्रीट. जिथे रात्रीच्या रात्री दुरुस्ती करून सकाळी सेवा द्यायची आहे, किंवा जमीन अजून बसायची आहे, तिथे डांबर. बाकी ठिकाणी खडी, सिमेंट आणि कुशल माणसं यांपैकी काय मिळतं त्यावर ठरवावं.

जड विमानांसाठी काँक्रीटची जाडी बहुधा ४०० ते ५०० मिलिमीटर असते. तपासणी दाबताना सोसण्याच्या ताकदीची नव्हे, वाकताना सोसण्याच्या ताकदीची होते, साधारण ४ ते ५ मेगापास्कल. स्लॅब तुटतो तो बहुतेकदा सांध्यापासून. भार एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जावा म्हणून सांध्यात डोवेल, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळ्या, घालतात. या जाडीला सुमारे ३८ मिलिमीटर व्यास, ५१० मिलिमीटर लांबी, ४६० मिलिमीटर अंतर. डोवेल काटेकोर समांतर हवेत. एक जरी तिरपा बसला तरी थंडी-उन्हात सांधा उघडमीट करताना तो अडतो आणि कोपरा फोडतो. सांध्याचा काप घालायची वेळही चुकवून चालत नाही. काँक्रीट पडल्यावर हवामानानुसार साधारण ४ ते १२ तासांत, जाडीच्या पाव ते तृतीयांश खोलीचा काप. लवकर घातला तर कडा उधळतात, उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने आधीच तडकलेलं असतं. वारा आणि ऊन असेल आणि बाष्पीभवन ताशी प्रति चौरस मीटर एक किलोच्या वर जात असेल, तर ओतकाम थांबवावं किंवा फवारा आणि संरक्षक थर लगेच द्यावा. सांध्यातलं सीलंट सर्वसाधारणपणे आठ-दहा वर्षांत निकामी होतं. ते वेळेवर बदललं नाही तर पाणी खाली जातं, चाकाच्या दाबाने ते बारीक मातीसकट वर उसळतं, स्लॅबखाली पोकळी होते आणि कोपरा तुटतो. मोठ्या खर्चाची ही सगळी साखळी त्या एका रबरी पट्टीपासून सुरू होते.

डांबरी धावपट्टीचं दुखणं वेगळं. महामार्गावर चाकं सतत मळत राहतात म्हणून डांबर जरा जिवंत राहतं. धावपट्टीचा बराच भाग चाकांविना असतो. तिथे डांबर हवा आणि उन्हाने कोरडं, ठिसूळ होतं आणि खडी सुटू लागते. रस्त्यावर सुटलेली खडी म्हणजे थोडी गैरसोय. धावपट्टीवर ती इंजिनात जाते. म्हणून घट्टपणाला इथे इतकं महत्त्व. टाकलेल्या थरात हवेच्या पोकळ्या ४ ते ७ टक्के असाव्यात; ८ टक्क्यांवर गेल्या की पाणी आणि हवा आरपार जाऊ लागते. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे दोन पट्ट्यांमधला उभा सांधा. एक पट्टा थंड झाल्यावर दुसरा लावला तर कड दाबली जात नाही. शक्य तिथे दोन-तीन पेव्हर (डांबरी मिश्रण पसरवणारी यंत्रं) थोडे मागेपुढे ठेवून एकत्र चालवावेत, म्हणजे सांधा गरम-गरमच जुळतो. ते जमत नसेल तर थंड कडेचा १०० ते १५० मिलिमीटरचा सैल भाग कापून काढावा, डांबर लावावं आणि मग पुढचा पट्टा घ्यावा. दोन थरांमधला टॅक कोट, म्हणजे त्यांना चिकटवणारा डांबराचा पातळ हात, कमी पडला, किंवा त्यावर धूळ बसली, तर वेगात वळणाऱ्या आणि ब्रेक लावणाऱ्या विमानाखाली वरचा थर सरकतो आणि अर्धचंद्राकार भेगा दिसतात. अशा भेगा दिसल्या तर वरून भरून उपयोग नाही. थर सुटलेला आहे, तो काढावाच लागतो.

आता रात्रपाळी. माझ्या दृष्टीने धावपट्टीच्या कामाचा हा गाभा. एकच धावपट्टी असेल तर ती महिनोनमहिने बंद ठेवता येत नाही. रात्री ११ ते सकाळी ६ मिळतात. हिशेब करून बघा. ६० मिलिमीटरचा थर, ४५ मीटर रुंदी, घनमीटरला २.४ टन, म्हणजे एक मीटर लांबीला साधारण साडेसहा टन मिश्रण. सात तासांतले पहिले ४५ मिनिटं बंदी, उजेड आणि यंत्रं आत आणण्यात जातात, शेवटचे अडीच-तीन तास थंड होणं, रंग, झाडणं आणि तपासणीत. मध्ये जुना थर खरवडायचा असेल तर प्रत्यक्ष पेव्हर चालतो तीन तास. ताशी १५० टनांनी ४५० टन, म्हणजे रात्रीला ७० मीटरच्या आसपास. ३,००० मीटरला एका थरासाठी ४३ रात्री, एकही पाऊस नाही आणि एकही बिघाड नाही असं धरून. समतल थर, दिवे, खाचा, रंग वेगळे.

आणि प्रत्येक सकाळी ती धावपट्टी विमानांना चालेल अशीच परत द्यायची असते. आयकाओच्या नियमांत त्याची पद्धत दिलेली आहे. त्या रात्री जेवढी लांबी घ्याल तेवढी पूर्ण रुंदीने संपवायची. नव्या आणि जुन्या थराच्या पातळीतला फरक तात्पुरत्या उताराने जोडायचा: ५० मिलिमीटरपर्यंतच्या थराला अर्धा ते एक टक्का, त्याहून जाड थराला अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नाही. ७५ मिलिमीटरच्या थराला म्हणजे किमान १५ मीटर लांब उतार. काम अशा टोकाकडून सुरू करायचं की बहुतेक विमानांना हा उतार चढण म्हणून नव्हे, उतरण म्हणून भेटेल. मध्यरेषा आखल्याशिवाय धावपट्टी सुरू करायची नाही. दुसऱ्या रात्री तोच उतार कापून सरळ कड घ्यायची आणि पुढे जायचं. हा उतार बनवताना कागद किंवा वाळू खाली घालून तो सहज सुटेल अशी सोय काही जण करतात. विमानाच्या झोताखाली तो पापुद्र्यासारखा उचलला जाऊ शकतो, म्हणून मला ती पद्धत मान्य नाही. कापायला वेळ लागला तरी चालेल, चिकटलेला हवा.

रात्रीचं नियोजन उलटं, सकाळपासून मागे यावं. ६ वाजता धावपट्टी द्यायची तर साडेपाचला शेवटची पायी तपासणी, पाचला झाडू-ट्रक आणि चुंबकपट्टी, साडेचारला रंग, तोवर पृष्ठभाग ६०-६५ अंशांखाली. म्हणजे शेवटचा रोलर साडेतीनच्या सुमाराला थांबला पाहिजे आणि शेवटचा ट्रक तीनच्या आत रिकामा झाला पाहिजे. पॉलिमरमिश्रित डांबराचं मिश्रण १६० अंशांच्या वरच निघतं. वाऱ्याच्या रात्री पातळ थर वीस मिनिटांत दाबण्याजोगा राहत नाही. जादा पेव्हर, जादा रोलर आणि दुसरा मिश्रण-कारखाना तयार नसेल तर जुना थर खरवडायला घेऊच नये. किती वाजता मिश्रण आलं नाही तर खरवडकाम थांबवायचं, ती वेळ आधी लेखी ठरलेली असावी आणि तो निर्णय एकाच माणसाच्या हातात असावा.

बंद भाग बंद दिसलाच पाहिजे. ३१ ऑक्टोबर २००० ला तैपेईत सिंगापूर एअरलाइन्सचं विमान दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून उड्डाण करायला निघालं, बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं आणि ८३ जणांचा जीव गेला. रात्र होती, वादळी पाऊस होता, आणि त्या धावपट्टीच्या तोंडाशी वाट अडवणारं काही उभं नव्हतं. नोटॅम काढला, काम झालं, असं कोणी समजू नये. फुल्या, अडथळे, बंद केलेले दिवे, सगळं प्रत्यक्ष जाऊन पाहावं.

दिव्यांचा मुद्दा संकल्पनात शेवटी येतो आणि कामात पहिला अडतो. मध्यरेषेचे दिवे १५ किंवा ३० मीटरवर, कडेचे ६० मीटरपर्यंत अंतरावर. जमिनीत बसवलेला प्रत्येक दिवा म्हणजे थराला पाडलेलं एक भोक. नवा थर टाकण्याआधी दिवा काढायचा, त्याच्या जमिनीतल्या भांड्यावर पोलादी झाकण बसवायचं, त्याचे अचूक निर्देशांक नोंदवायचे, वरून थर टाकायचा, मग कोअर यंत्राने बरोबर त्याच जागी भोक पाडून पातळी उंचवायची. हे दिवे ६.६ अँपिअरच्या स्थिर प्रवाहाच्या मालिकेत असतात. केबलच्या जोडात पाणी गेलं की इन्सुलेशन घसरत जातं. मोजणी दर महिन्याला नोंदवत राहावी, कारण एका आकड्यापेक्षा उतरता कल जास्त सांगतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून वेळोवेळी तपासावेत. सैल झालेला बोल्ट म्हणजे धावपट्टीवरचा पुढचा तुकडा. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये कॉन्कॉर्डचा टायर फुटला तो आधी गेलेल्या विमानातून पडलेल्या धातूच्या पट्टीवरून. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. मोठ्या धावपट्टीची दिवसातून किमान दोनदा तपासणी व्हावी असं आयकाओ म्हणते. रहदारी जास्त असेल तिथे चारदा करणं मी आवश्यक मानतो.

रोजच्या देखभालीत सगळ्यात जास्त वेळ खातं ते रबर. टेकताना टायर स्थिर असतं, क्षणात फिरायला लागतं, आणि घासलेलं रबर उष्णतेने वितळून पृष्ठभागावर गुळगुळीत, कडक पापुद्रा धरतं. खाचा भरतात, दिव्यांच्या काचा काळ्या होतात. घर्षण मोजायला पाणी सोडत धावणारं उपकरण वापरतात: पाण्याचा थर १ मिलिमीटर, वेग ताशी ६५ आणि ९५ किलोमीटर, मध्यरेषेपासून ३ मीटरवर. ग्रिपटेस्टर नावाच्या अशा उपकरणासाठी ६५ च्या वेगाला नव्या पृष्ठभागाचं लक्ष्य ०.७४, देखभालीची तयारी ०.५३ ला, आणि किमान ०.४३. रबर अनेकदा ९५ च्या मोजणीत आधी उघडं पडतं, म्हणून एकाच वेगावर थांबू नये. किती वेळा मोजायचं ते दिवसाला एका टोकाकडून किती जेट विमानं उतरतात त्यावर: १५ पर्यंत असतील तर वर्षातून एकदा, ३१ ते ९० असतील तर दर तीन महिन्यांनी, २१० च्या पुढे दर आठवड्याला, असं एफएएचं कोष्टक आहे.

रबर काढायचं ते बहुतेक उच्च दाबाच्या पाण्याने, हजार बारच्या वर. इथे घाई महागात पडते. दाब जास्त किंवा यंत्राचा वेग कमी ठेवला, तर रबराबरोबर खडीभोवतीचं डांबरही निघतं, खाचांच्या कडा झिजतात, आणि दोन-तीन वर्षांत पृष्ठभाग चाळणीसारखा होतो. आधी छोट्या तुकड्यावर प्रयोग करून दाब आणि वेग ठरवावा, आणि काम झाल्यावर पुन्हा घर्षण मोजावं. धावपट्टी काळी दिसायची थांबली यावर समाधान मानू नये. सलग ४५० मीटर लांबीत ४० टक्के खाचांची खोली किंवा रुंदी ३ मिलिमीटरवर आली असेल, तर त्या पुन्हा कापायची वेळ झाली.

पावसात किंवा बर्फात धावपट्टीची अवस्था कळवायची पद्धत ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एक झाली आहे. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ असा आकडा: कोरडी ६, नुसती ओली ५, ओली असताना निसरडी ३, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं तर २. घर्षणाच्या मोजणीत एखादा भाग किमान पातळीखाली गेला असेल, तर पाऊस पडताच त्याला ५ देणं चूक आहे, ३ द्यावा लागतो. देखभाल खात्याचा अहवाल तपासणी करणाऱ्या गाडीपर्यंत पोचत नाही आणि ही चूक होते. म्हणून शेवटच्या मोजणीचा तक्ता त्या गाडीतच ठेवावा.

शेवटी, वरून थर टाकायचा की खालपासून खणायचं, हा निर्णय. डोळ्यांनी पाहून दिलेला शंभरपैकी गुणांचा निर्देशांक, म्हणजे पीसीआय, पृष्ठभागाची अवस्था सांगतो. आत काय चाललंय ते सांगत नाही. त्यासाठी जड वजन आदळून जमीन किती दबते ते मोजणारं हेवी वेट डिफ्लेक्टोमीटर हवं, थरांची जाडी बघायला भूभेदी रडार आणि थोडे कोअर, म्हणजे थरांतून कापून काढलेले नळकांडी नमुने. दबण्याचं प्रमाण सगळीकडे सारखं आणि कमी असेल, भेगा वरून खाली जात असतील, तर खरवडून नवा थर पुरतो. चाकांच्या पट्ट्यातच दबणं जास्त असेल, कोअरमध्ये खालचे थर सुटे निघत असतील, किंवा भेगांतून बारीक माती वर आलेली दिसत असेल, तर वरचा थर दोन-तीन वर्षांत पुन्हा त्याच रेषांवर तडकेल. अशा वेळी मधला १५ ते २० मीटरचा पट्टा पूर्ण खोलीने बदलावा, निचरा त्याच वेळी नव्याने घ्यावा, आणि कडेचे भाग राखावेत. ही मोजणी पावसाळ्यानंतर लगेच, जमीन सर्वांत ओली असताना घ्यावी. कोरड्या दिवसांत घेतलेले आकडे जमीन आहे त्यापेक्षा बळकट दाखवतात, आणि त्यावर ठरवलेली जाडी कमी पडते.